सकाळची आई

“पहाटे पाच ते आठ हे तीन तास कुणी माझ्या आयुष्यातून कापून नेले ना, तर मी वर पिशवीसुद्धा देईन त्याला,” मुमताज पुटपुटली.

ती कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण मिरजेतल्या त्या रक्तपेढीची खोली एवढीशी, की दोन बायका पाठीला पाठ लावून बसल्या तर एकीचं पुटपुटणं दुसरीच्या मानेला लागायचं. तृप्ती ऐनापुरे रक्ताच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मान न वळवता ती म्हणाली, “तीनच? माझे पाच ने की. सकाळचे तीन, संध्याकाळचे दोन.”

“तुला काय गं, एक लेक. माझ्या घरात नऊ तोंडं आणि नऊ तऱ्हेचा चहा.”

“नऊ तोंडं म्हणजे अठरा हात की.”

“आहेत ना हात. टीव्हीच्या रिमोटला चिकटलेत.”

दोघी हसल्या. मग मुमताजने एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून पाठीमागे सरकवला. “हे बघ. सांगलीत दुकान उघडलंय. पट्टी म्हणे. डोक्याला बांधायची. कामं हात करतात, आपण झोपायचं.”

तृप्तीने कागद वाचला आणि कधी नव्हे ते चिठ्ठी तिरकी चिकटवली.

तिचा नवरा चार वर्षांपूर्वी हुबळीला बदलीवर गेला आणि तिथेच दुसरं घर करून बसला. मागे राहिली ती तृप्ती, दहा वर्षांची तनिष्का आणि भिंतीवरचं घड्याळ. घरात तिसरं माणूस असल्यासारखं ते घड्याळ वागायचं. पाच चाळीसला दूध, सहाला भाजी, साडेसहाला तनूला उठवणं, सातला डबा, सव्वासातला डायरीवर सही, मग दोन वेण्या, पावणेआठला शाळेची व्हॅन. त्या तीन तासांत तृप्ती काही नवं करायची नाही, नवा विचार करायची नाही. तरी आठ वाजता स्कूटरवर बसताना दिवस संपल्यासारखी दमलेली असायची.

यंत्रमानव येणार येणार म्हणून लोक कधीचे सांगत होते. आला तो फरशी पुसणारा एक चपटा डबा, आणि तोही उंबऱ्याला अडून रडायचा. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की घरकामाचं सगळ्यात चांगलं यंत्र घरात आधीपासून आहेच. फक्त ते कुरकुरतं. कुरकुर तेवढी काढली की झालं.

“मॅडम, तुम्ही स्कूटरवरून घरी येता,” दुकानातली मुलगी पाठ केल्यासारखं, पण गोड बोलत होती. “दारात गाडी लावताना लक्षात येतं, की मधला रस्ता आठवतच नाही. सिग्नलला थांबलात, खड्डा चुकवलात, वळलात. मग ते केलं कुणी?”

केलं सवयीने. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना पेशींचे पुंजके असतात. शंभरदा केलेलं काम हळूहळू तिथे मुरतं. कपाळामागचा मेंदू ठरवतो, लक्ष देतो, काळजी करतो, आणि म्हणून दमतो. खालच्या पुंजक्यांना काळजी ठाऊक नसते. पट्टी कपाळातून आणि कानशिलांतून ऐकू न येणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरी आत नेमक्या जागी सोडायची. पुढचा मेंदू त्या लहरींनी गाढ झोपेच्या संथ लयीत जायचा, आणि आठवणी नोंदवणारा भागही त्याच्यासोबत. जागं राहायचं ते फक्त मुरलेलं काम, आणि ते करायला लागणारे हात, पाय, डोळे. समुद्रातला डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवून पोहत राहतो, त्यातलाच हा प्रकार. तीन तास पट्टीत काम केलं की शरीराला दोनअडीच तासांची झोप मिळायची.

“आणि घरात काही झालं तर?” तृप्तीने विचारलं.

“आठ अपवाद आहेत. जळका वास, गॅस, किंकाळी, पडल्याचा आवाज, रक्त, दारात अनोळखी माणूस…” तिने बोटं मोजली. “यातलं काहीही झालं की अर्ध्या सेकंदात तुम्ही जाग्या. आणि हो, रोजचं बोलणंही बंद पडत नाही. ‘हं’, ‘हो का’, ‘आटप’, हेही सवयीचंच असतं की, मॅडम. नवऱ्यांना तर आयुष्यभर कळत नाही.”

“मला नवरा नाही.”

“मग तर फारच सोपं,” मुलगी बोलून गेली आणि जीभ चावली.

अट एकच होती. पट्टी बांधून एकवीस सकाळी शिकवणी करायची. पूर्ण जागेपणी, रोज तोच क्रम, तेच हात. “घाई करू नका, चिडू नका,” मुलीने बजावलं. “चिडलात तर तेही मुरेल. पट्टी स्वतःचं काही घालत नाही. तुमचंच तुम्हाला परत देते.”

मुमताजनेही हौसेने शिकवणी सुरू केली होती. पण तिच्या घरात दोन सकाळी एकसारख्या निघेनात. एके दिवशी सासऱ्यांचे पाहुणे, दुसऱ्या दिवशी पुतण्याचे जुलाब. कंपनीने पट्टी परत घेतली. तृप्तीचं घर मात्र या यंत्रासाठीच बेतल्यासारखं होतं.

तिने तीन आठवड्यांची साठलेली रजा काढली, सहा वर्षांत पहिल्यांदा. आठ वाजता कुठे पोचायचं नव्हतं, म्हणून सहा वाजता चिडायचं कारण नव्हतं. लेकीच्या केसांना तिने बोटांनी तेल लावलं, गुंता खालून वर सोडवला. शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणत पोळ्या लाटल्या. तनू काही सांगू लागली की “हो का गं राणी” म्हणाली, आणि खरंच ऐकून घेतलं. ते एकवीस दिवस घरात एक वेगळीच बाई वावरत होती, सुट्टीवर आलेली. तीच पट्टीत मुरली.

पहिल्या दिवशी तृप्तीने पाच वाजता पट्टी बांधली, बटण दाबलं, आणि पुढच्या क्षणी ती दाराजवळ उभी होती. ओटा लख्ख. डबा नव्हता, बाटली नव्हती, तनू नव्हती. व्हॅन गेली होती. अंगाला झोप झाल्याची ऊब होती. ती स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसली. नंतर थोडं रडली. इतकी वर्षं आपण हे सगळं जागेपणी करत होतो, याचं तिला वाईट वाटलं.

आता वाचलेल्या वेळेचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अंगात ताकद उरते आहे म्हटल्यावर ती कामाच्या डोळ्यांत भरली. डेंग्यूचे दिवस होते, प्लेटलेट्सना मागणी होती. रक्तपेढीच्या साहेबांनी विचारलं आणि तिने संध्याकाळची पाळीही घेतली. तनू शाळेतून समोरच्या मगदूम काकूंकडे जायची, आणि साडेआठला तृप्ती तिला तिथून उचलायची.

म्हणजे हिशेब असा झाला, की सकाळी तनूजवळ असायची ती पट्टीतली तृप्ती आणि रात्रीच्या जेवणाला असायची ती बारा तास रक्त हाताळून आलेली. दोघींची कधी गाठ पडायची नाही.

डिसेंबरात तनूला चार दिवस सर्दीताप झाला आणि गेला. नंतरच्या एका संध्याकाळी ती टेबलाशी गणितं करत बसली होती. तृप्ती तिच्या डाव्या हाताला भाजी निवडत होती.

“तनू, कोथिंबीर दे फ्रिजमधली.”

तनू लिहीत राहिली.

“तनू. कोथिंबीर.”

पेन्सिल चालूच.

तिसऱ्यांदा तृप्ती बोलली नाही. तिने वही ओढली, तनूच्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडली, “बहिरी झालीस काय गं? कोथिंबीर मागतेय मी. भिंतीशी बोलते काय?”

तनू दचकून उठली. “नाही,” ती घाईघाईने म्हणाली. “नाही, ऐकू येतं मला.” कोथिंबीर आणताना तिचा खांदा फ्रिजच्या दारावर आपटला, तरी ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मगदूम काकू भेटल्या. हातात दुधाची पिशवी धरून त्या थांबल्या. “तृप्ती, सकाळी तुझा आवाज किती गोड येतो गं. गुणगुणतेस काय, लेकीला राणी म्हणतेस काय. आमच्या ह्यांनासुद्धा बरं वाटतं. संध्याकाळी मात्र…”

“संध्याकाळी काय, काकू?”

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “काही नाही. दमतेस की तू.”

आठवड्याभराने रक्तपेढीत शाळेतून फोन आला. तनूच्या वर्गशिक्षिका, खोत बाई.

“तनिष्काची आई ना? कानाच्या डॉक्टरांकडे दाखवलंत का?”

“कुणाच्या कानाच्या?”

“अहो, मी तीनदा डायरीत लिहिलंय. डावीकडून हाक मारली की तिला कळत नाही, परवा मैदानात चक्कर आली. तुम्ही तिन्ही नोंदींवर सही केली आहे.”

तृप्तीने हातमोजे काढले. ते काढायला तिला फार वेळ लागला. “हो,” ती म्हणाली. “बघते.”

“आणखी एक विचारायचं होतं,” खोत बाई म्हणाल्या. “तनिष्का घरी जरा… म्हणजे, घाबरून वगैरे असते का? मी आईला फोन करते म्हटलं तर हात धरायला लागली माझा.”

“अभ्यासाला घाबरते हो ती,” तृप्ती म्हणाली.

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि दोघींनीही फोन लवकर ठेवला.

त्या दिवशी ती चारलाच घरी गेली. काकूंच्या दारातलं दप्तर उचलून आणलं, डायरी काढली. ‘डाव्या कानाने ऐकू येत नसल्याचे जाणवते. कृपया तपासून घ्यावे.’ खाली तिची सही, वळणदार, ‘ऐनापुरे’मधल्या उकारासकट. पहिली नोंद सतरा दिवसांपूर्वीची होती. तिन्ही सह्या एकसारख्या होत्या, एकीवर दुसरी ठेवली असती तर रेघ हलली नसती. डायरीवर सही करणं हे सव्वासातचं काम होतं. आणि वाचणं? एकवीस दिवसांच्या शिकवणीत डायरीत वाचण्यासारखं काही आलंच नव्हतं.

काकूंकडून तनू आली. तृप्ती तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि डाव्या कानाशी बोटं चोळली. तनू बूट सोडत होती, सोडत राहिली. उजव्या कानाशी चोळली, तशी चमकून वळली.

“कधीपासून गं?”

“काय?”

“कान.”

तनूने आईच्या हातातल्या डायरीकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे. “कालपासून,” ती म्हणाली.

तृप्तीच्या हातात सतरा दिवस होते. तरी तिने मान हलवली. “बरं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

रक्तपेढीच्या शेजारच्या इस्पितळात मुमताजने ओळखीने नंबर लावला आणि स्वतःही सोबत आली. डॉक्टर आरवाडे मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या, आलेख काढला आणि कागदावर गोगलगाईसारखी एक आकृती काढून दाखवली.

“कानाच्या आत या गोगलगाईत बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. एखाद्या वेळी साध्या सर्दीतापानंतर त्यांना सूज येते आणि निरोप थांबतो. सूज उतरवायचं औषध आहे. पण ते लवकर द्यावं लागतं. पहिले दोन आठवडे सगळ्यात मोलाचे. त्यानंतर त्या पेशी मरत जातात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.” त्या तनूकडे वळल्या. “कधीपासून त्रास होतोय, बाळ?”

“कालपासून,” तनू म्हणाली.

मुमताजने तृप्तीकडे पाहिलं. सतरा दिवसांचं तृप्तीने तिला सकाळीच सांगितलं होतं. खोलीतला पंखा कटकट करत होता.

“सतरा दिवस झाले,” तृप्ती म्हणाली. “जास्तच असतील.”

मॅडमचं पेन थांबलं. “मग इतके दिवस?”

“लेकरं सांगत नाहीत हो मॅडम,” मुमताज मध्येच बोलली. “माझा पुतण्या दात किडला तर गाल धरून बसला होता महिनाभर.”

बाहेर वीस माणसं ताटकळत होती. मॅडमनी पुढे विचारलं नाही. गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून थेट आत द्यायची इंजेक्शनं लिहिली, आणि म्हणाल्या, “प्रयत्न करू. सहा आठवड्यांनी शेवटचा आलेख काढू.”

पट्टीत सुरक्षेसाठी तीस दिवसांचे आवाज साठवलेले असतात, हे तृप्तीला कागदपत्रं चाळताना कळलं. जेवणाच्या सुट्टीत ती प्लाझ्माच्या डीप फ्रीजरमागे जाऊन बसली. तिथे मशिनच्या घरघरीत कुणाचं लक्ष जायचं नाही. फोन कानाला लावला.

आधी भांड्यांचे आवाज. मग एका बाईचं गुणगुणणं. ही कोण, असं वाटेपर्यंत तिला आपला आवाज ओळखता आला नाही.

“आई, माझ्या कानात शिट्टी वाजते. कुकरसारखी. पण थांबत नाही.”

“हो का गं राणी. मान सरळ.”

दुसरी सकाळ. “आई, आज पण वाजतेय. डाव्या बाजूने श्रेया बोलली तर कळतच नाही.”

“हं. रिबीन कुठली, लाल की पांढरी?”

“पांढरी.”

“छान.”

रोज. चक्कर आली ते सांगितलं होतं. फोन त्या कानाला लावला तर मुका होतो, ते सांगितलं होतं. साध्या, रोजच्या आवाजात. आणि तो आवाज आठ अपवादांत बसत नव्हता. पण नुसतं कानाचं नव्हतं. काल कप फुटला, तुला संध्याकाळी कळेल, आत्ताच सांगून ठेवते हं. बाबांचा फोन आला होता, मी उचलला नाही. वर्गातल्या एका मुलीला पाळी आली, मला पण येईल का गं? “हो का गं राणी. डबा घेतलास का?” आणि त्यावर तनू खुदकन हसली. तृप्तीने ते हसू मागे नेऊन पुन्हा ऐकलं. असं हसू तिने घरात कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना.

शेवटच्या सकाळी, व्हॅनचा हॉर्न वाजताना, तनू म्हणाली होती, “आज संध्याकाळी ओरडू नकोस हं.”

“हो हो. बाटली घे.”

तृप्ती बाहेर आली तेव्हा मुमताज डबा उघडून वाट पाहत होती. “काय निघालं?”

“कानाचं रोज सांगितलं होतं तिने.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“त्या पट्टीवाल्यांना सोडू नकोस,” मुमताजने चपाती मोडून अर्धी तिच्यापुढे ठेवली. “त्यांनीच केलं हे. लेकराचं बोलणं ऐकायचं नाही म्हणजे काय?”

“त्यांनीच केलं,” तृप्ती म्हणाली. हे म्हणताना तिला जरा श्वास घेता आला. मग तिने ते काकूंना सांगितलं, खोत बाईंना सांगितलं, फोनवर भावाला सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंपनीला तिने चार पानी तक्रार पाठवली. तिकडून नम्र उत्तर आलं, की सामान्य आवाजातील संभाषण अपवादांच्या यादीत समाविष्ट नसल्याचे करारात नमूद आहे. ते पत्रही तिने सगळ्यांना दाखवलं.

पट्टी कपाटात गेली. संध्याकाळची पाळी सुटली. आता तृप्ती चोवीस तासांची आई झाली, निदान ठरवलं तरी तसं होतं. पण सहा महिन्यांत तिच्या हातांनी जागेपणी सकाळ केलीच नव्हती. दूध उतू जायचं, डब्याचं झाकण सापडायचं नाही, कंगवा गुंत्यात अडकायचा आणि ती “हलू नकोस म्हटलं ना!” असं म्हणून जायची. मग जीभ चावायची, मग दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आता सकाळही संध्याकाळसारखी झाली. तनू वेण्या घालून घेताना खाली बघत बसायची. काहीच सांगायची नाही.

“आज शाळेत काय?” तृप्ती मुद्दाम विचारायची.

“काही नाही.”

“कानातली शिट्टी?”

“आहे.”

एका सकाळी तृप्ती उठली तर उशाशी पट्टी होती. कपाटातून काढलेली, पुसलेली, चार्ज करून ठेवलेली. हिरवा दिवा लागला होता. तनू पलीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. तृप्तीने पट्टी उचलून कपाटात ठेवली. नाश्त्याला दोघी समोरासमोर बसल्या. तृप्तीने उपमा कसा झालाय ते विचारलं. चांगला झाला होता.

सहा आठवडे झाले. इंजेक्शनं संपली. शेवटच्या आलेखाच्या दिवशी मुमताज पुन्हा सोबत आली होती.

आरवाडे मॅडमनी कागद टेबलावर फिरवून ठेवला. उजव्या कानाची रेघ वर होती. डाव्या कानाची रेघ खाली पडली होती, तळाला लागून, आणि तिथेच सरळ गेली होती.

“हा कान परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज मऊ केला नाही, आणि त्याचं तृप्तीला बरंच वाटलं. “उजवा उत्तम आहे. वर्गात डावीकडच्या रांगेत, भिंतीशी बसवा, म्हणजे सगळा वर्ग तिच्या चांगल्या कानाकडे येईल. रस्ता ओलांडताना सांभाळायचं, आवाज कुठून आला ते तिला कळणार नाही. हाडातून आवाज पोचवणारं यंत्र आहे, त्याचा अर्ज भरू.” त्यांनी फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, कान डावा. मग पेन एका रकान्यावर थांबलं. “उपचाराला उशीर होण्याचं कारण.”

मुमताज खुर्चीत पुढे सरकली.

“घरात आजारपण होतं लिहा की मॅडम,” मुमताज म्हणाली. “असतंच प्रत्येकाच्या घरात काही ना काही.”

“नको,” तृप्ती म्हणाली. तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली आणि ताठ बसली. सहा आठवडे ती या वाक्याची तयारी करत होती. “खरं ते लिहा. मी पट्टीत होते. तिने मला रोज सांगितलं, वेणी घालताना. मी हो का गं राणी म्हणत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. लिहा, आई पट्टीत होती.”

मुमताजने तिच्या पाठीवर हात ठेवला. मॅडमनी चष्मा वर केला आणि मान हलवली; हे त्यांनी आधीही कुणाकडून ऐकलं असावं. त्या लिहू लागल्या. तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण छातीवरचं ओझंही थोडं हललं. बोलून झालं होतं. आता फक्त घरी जायचं होतं.

“तसं नाही,” तनू म्हणाली.

मॅडमनी वर पाहिलं. तनू खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. ती मॅडमशीच बोलत होती.

“मला माहीत होतं, पट्टीतल्या आईला काही कळत नाही ते. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तिला विचारलं होतं, माझं नाव काय सांग. तर ती म्हणाली, हो का गं राणी.” तिला जरासं हसू आलं आणि गेलं. “म्हणूनच तिला सांगायचे.”

“तनू,” मुमताज म्हणाली, “बाळा, राहू दे आता.”

मॅडमनी हात वर करून मुमताजला थांबवलं. “मग संध्याकाळी का नाही सांगितलंस? संध्याकाळी तर आई जागी असायची.”

तनूने आईकडे पाहिलं नाही. तिने फ्रॉकची शिवण दोन बोटांत धरली आणि सोडली.

“संध्याकाळी खरी आई असते,” ती म्हणाली. “मला खऱ्या आईची भीती वाटते.”